शाळेतील व्याख्यानाला जिवंत साप नको

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत, बिळांत पाणी शिरल्यामुळे, साप घराअंगणात दिसू लागतात. त्यामुळे सापांवरील माझी बहुतेक व्याख्याने पावसाळ्यातच नागपुरात आणि हिंगणा, उमरेड, काटोलकडच्या शाळांत होतात. वर्गात शिरताच पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर, साप आणला का?” मी आणत नाही आणि कोणीही आणू नये, असे माझे ठाम मत आहे. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे एक कारण झालेच. परंतु नागाला लीलया हाताळणारा माणूस पाहिलेले मूल उद्या घरात नाग निघाल्यावर काय करील, याची मला अधिक काळजी वाटते.

जिवंत सापाशिवाय मुले रमत नाहीत, हा समज मात्र खरा नाही. एकदा सातवीतील एका मुलाने गोठ्यात सापडलेली कात वहीत जपून आणली होती. ती खिडकीच्या उजेडात धरल्यावर डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक चकत्या दिसल्या आणि सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचे खवलेही कातीबरोबर निघते, हे मुलांनी स्वतःच ताडले. पुढचा अर्धा तास प्रश्न थांबले नाहीत.

त्यानंतर मी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावतो. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे साधारणपणे याच्या उलट. अर्थात ही ओळख निरीक्षणासाठी आहे, दंश झाल्यावर साप बिनविषारी ठरवून घरी थांबण्यासाठी नव्हे, हे मी दोनदा बजावतो.

मग विचारतो, “घरी जमिनीवर कोण कोण झोपते?” खेड्यातील शाळेत निम्मे हात वर होतात. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. म्हणून गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, अंधारात पायाखाली टॉर्चचा उजेड आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता, आवळपट्टी न बांधता थेट रुग्णालय, एवढे प्रत्येक मुलाकडून मी वदवून घेतो.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, सभागृहात तीनशे मुले चाळीस मिनिटे बसवण्यापेक्षा एका वर्गाला पूर्ण तास द्यावा आणि त्यातील निम्मा वेळ प्रश्नांसाठी ठेवावा. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही त्या तासाला आवर्जून बसवावे, कारण सरपणाच्या ढिगात रोज हात त्यांचा जातो.