‘कोड दिला की झालं’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

बंपरच्या रंगावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की एका ठिकाणी तुमचंच बरोबर आहे. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गाडीवरचा कलर कोड दिला की मशीन तोच रंग बनवून देतं, शेड जुळत नाही म्हणून मी लोकांना उगाच भिववतो. प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून आधी मारायचा वेगळा प्रायमर म्हणजे पैसे काढायचा धंदा. तुमच्या गाडीला तो न लावता दोन वर्षं झाली, रंग जागचा हलला नाही. आणि नागपूरच्या उन्हात रंग सुकवायला ओव्हन हवा कशाला?

प्रायमरचं आधी. ‘प्रत्येक बंपरला लावाच’ असं मी लिहिलं होतं, ती माझी चूक. तुमच्या बंपरला नुसते ओरखडे होते, कंपनीचा रंग शाबूत होता. पेंटरने तोच सँडपेपर मारून खरखरीत केला आणि वर नवा रंग चढवला. नवा रंग जुन्या रंगावर बसला, प्लास्टिकशी त्याचा संबंधच आला नाही. तिथे हा प्रायमर खरंच वाया. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण नागपुरातल्या घाट रोडच्या दुकानातून काळा कोरा बंपर आणला, की गोष्ट बदलते. बंपर उलटा करून आतून बघा, बहुतेक वेळा ‘पीपी+ईपीडीएम’ अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतील. ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर, आणि पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक. त्याला सहजासहजी काहीच धरत नाही, ना गोंद ना रंग. म्हणून कारखान्यातसुद्धा रंगाआधी त्यावर ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. माझा पहिला बंपर असाच कोरा होता. एका गॅरेजने (नाव जाऊ द्या) तो साबणाने धुतलासुद्धा नाही, थेट साधा प्रायमर आणि रंग मारून दिला. आठ महिन्यांनी वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा लागला आणि तळहाताएवढे पापुद्रे सुटले. खाली प्लास्टिक इतकं स्वच्छ, जणू कालच डब्यातून काढलं! तो राग माझ्या त्या ‘प्रत्येक’मध्ये उतरला होता.

कोडच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. तुमची गाडी साधी पांढरी, माझी सिल्व्हर. फरक तिथेच आहे. तर्रीची कृती नागपुरात कोणाला ठाऊक नाही? तरी दोन टपऱ्यांची तर्री एकसारखी लागत नाही. कोडचं तसंच. एकाच कोडखाली रंग कंपन्या दोन-चार उपछटा देतात, कारण गाडी कोणत्या साली, कोणत्या प्लांटमध्ये रंगली यावर मूळ रंगच थोडा सरकलेला असतो. वर आपल्या गाडीने किती उन्हाळे खाल्ले ते वेगळंच.

बरं, अगदी बरोबर उपछटा मिळाली तरी सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंग ओला बसला तर त्यांना हलायला वेळ मिळतो, ते खाली जातात, तिरपे होतात, आणि शेड गडद दिसते. कोरडा बसला तर ते वरच आडवे अडकतात आणि शेड उजळ येते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे रंग पातळ करायला घातलेला बराचसा थिनर स्प्रे गनमधून बंपरवर पोचायच्या आत हवेतच उडून जातो. डबा तोच, हात तोच, पण सकाळी मारलेला बंपर आणि दुपारी मारलेला बंपर सख्खे भाऊ वाटत नाहीत. माझ्या दुसऱ्या पेंटरने हे एका वाक्यात सांगितलं होतं: ‘साहेब, शेड सावलीत नोका पाहू. उन्हात पाहा, मंग बाजूनं वाकून पाहा.’ समोरून तंतोतंत जुळलेला माझा बंपर बाजूने पाहिला तर एक पायरी काळपट होता.

म्हणून मी कार्डाचा हट्ट धरतो. त्याच गनने, तितकेच हात देऊन, वर क्लिअरसुद्धा (शेवटचा पारदर्शक थर) मारून एक कार्ड रंगवायचं आणि उन्हात बंपरशेजारच्या फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, लावून बघायचं. अर्धा-पाऊण तास जातो. पेंटर कुरकुरतो, कुरकुरू द्या.

शंभर टक्के जुळेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. धातूची बॉडी कारखान्यात साधारण 140 अंशांच्या भट्टीतून जाते. प्लास्टिकला ते झेपत नाही, म्हणून बंपर वेगळा रंगतो, साधारण 80 अंशांवर आणि बरेचदा दुसऱ्याच कारखान्यात. शोरूममधली कोरी सिल्व्हर गाडी बाहेर उन्हात काढायला लावा आणि बंपर-फेंडरच्या फटीशी बघा. रंगवलेल्या बंपरचा फरक लपवायला पेंटर म्हणेल, ‘फेंडरवर थोडा मारून देतो, मिसळून जाईल.’ मी नाही म्हणतो. गाडी विकताना घेणारा रंगाची जाडी मोजायचं मीटर फेंडरला लावतो आणि जाड थर दिसला की त्याच्या डोक्यात अपघात शिरतो. ते मीटर धातूवर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

आता ऊन. त्यावर हसू आलं, कारण ते अर्धं खरं आहे. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट 60 अंशांच्या वर सहज जातं आणि गॅरेजचे ओव्हनही साधारण तेवढ्यावरच ठेवतात. पण ओल्या क्लिअरवर थेट ऊन पडलं तर वरची साय आधी धरते, आत कोंडलेला थिनर ती फोडून बाहेर येतो आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात. ती नाही पडली तर रंग पसरायच्या आत सुकतो आणि पृष्ठभागावर संत्र्याची साल उमटते. संत्री आपल्या गावाला शोभतात, बंपरला नाही. उन्हाळ्यात काम सकाळी सातला, सावलीत, हळू सुकणाऱ्या थिनरने करून घ्या. दोनेक तास छपराखाली ठेवा, मग खुशाल उन्हात काढा. तेवढा ओव्हन फुकट.

तुमच्या बंपरचा फोटो पाठवलात तर आवडेल, पण दुपारी बाराचा, फ्लॅश न मारता. आणि काढायच्या आधी बंपरच्या खालच्या कडेला बोट फिरवा. पेपर मारताना तिथे काळं प्लास्टिक उघडं पडलं असेल, तर तिथे रंग सुटून त्याची कड नखाला लागेल.