काही झालं नाही, ते का झालं नाही?

सध्या एक मजकूर फिरतोय. पाठवणारे बदलतात, शब्द तेच राहतात. “लहानपणी सांगितलं, ओझोनला भोक पडलंय, सगळे भाजून निघणार. निघालो? मग म्हणाले, आम्लवर्षेने जंगलं संपणार. संपली? मग २००० साली संगणक बंद पडणार, विमानं कोसळणार. कोसळली? त्याआधी तर हिमयुग येणार होतं. आता तापमानवाढ. शास्त्रज्ञांना निधी हवा असतो, म्हणून ते घाबरवतात. शांत बसा, हेही आपोआप निघून जाईल.”

मला हा मजकूर तिघांनी पाठवला आणि तिघंही विचार करणारी माणसं आहेत. म्हणून तो नुसता पुसून टाकावासा वाटला नाही. शिवाय यातल्या एका ‘न घडलेल्या’ गोष्टीत माझं स्वतःचं दीड वर्ष गेलंय, त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

“ओझोनला भोक पडलंय म्हणाले, काय झालं?”

भोक खरंच पडलं होतं. ही कुणाची कल्पना नव्हती, आकडा होता. जमिनीवर ठेवलेलं डॉब्सनचं यंत्र सूर्यप्रकाशातल्या दोन अतिनील तरंगलांबी शेजारी शेजारी मोजतं. एक ओझोन भरपूर शोषतो, दुसरी फारशी नाही. दोन्हींतल्या फरकावरून डोक्यावर किती ओझोन आहे ते कळतं. हा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंशाला पसरला, तर थर होतो जेमतेम ३ मिलिमीटर, खिडकीच्या काचेएवढा. यालाच ३०० डॉब्सन एककं म्हणतात.

अंटार्क्टिकावरच्या हॅली या ब्रिटिश तळावर पन्नासच्या दशकापासून ही नोंद घेतली जात होती. ऑक्टोबरची सरासरी ३०० च्या आसपास असायची. १९८४ पर्यंत ती २०० च्या आसपास उतरली. म्हणजे काचेचा तिसरा हिस्सा गेला. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. कारण त्याच्या ११ वर्षं आधी मांडलेलं होतं. १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी सांगितलं होतं की फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, खालच्या हवेत मोडत नाहीत, पावसात विरघळत नाहीत, सावकाश वर चढतात आणि वर गेल्यावर अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन मोकळा करतात. असा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः पुन्हा मोकळाच राहतो.

इथे नेहमीचा प्रतिप्रश्न येतो: अंटार्क्टिकावर फ्रीज कोण वापरतं? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर पक्कं आहे. सीएफसी इतकी वर्षं टिकतात की तोवर ते जगभरच्या हवेत मिसळून गेलेले असतात. अंटार्क्टिकाचं वेगळेपण थंडीत आहे. तिथल्या हिवाळ्यात उंचावरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते आणि एरवी कोरड्या असलेल्या त्या थरात ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर निरुपद्रवी स्वरूपात अडकलेला क्लोरीन जागा होतो आणि सप्टेंबरात सूर्य परतला की काम सुरू करतो. १९८७ साली चिलीतल्या पुंता अरेनासहून निघालेल्या संशोधन विमानाने थेट त्या हवेत शिरून मोजलं. क्लोरीन मोनॉक्साइडची, म्हणजे क्लोरीन ओझोन मोडतो तेव्हा बनणाऱ्या संयुगाची, रेघ जिथे वर गेली, तिथेच ओझोनची खाली आली, एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असल्यासारखी. ज्वालामुखीही क्लोरीन ओकतात, हे खरं. पण तो बहुतांशी पाण्यात विरघळणाऱ्या आम्लाच्या रूपात असतो आणि वर पोचण्याआधीच पावसाबरोबर खाली येतो.

मग आपण भाजून का निघालो नाही? १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलमध्ये सीएफसी कमी करण्याचा करार झाला, १ जानेवारी १९८९ पासून तो लागू झाला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी आधी ठरलेली कपात पूर्ण बंदीपर्यंत नेली. २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी त्याला मान्यता दिली होती. याच २००९ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी करार झालाच नसता तर काय झालं असतं याचं गणित संगणकावर मांडलं. २०६५ पर्यंत जगभरातला दोन तृतीयांश ओझोन गेला असता. मजकुरात ‘काय झालं?’ असं विचारलंय. झालं ते हे: एक रसायन जगभर बंद केलं गेलं.

आणि ते प्रकरण संपलेलंही नाही. सीएफसींपैकी एक, सीएफसी-११, हवेत सुमारे ५० वर्षं रेंगाळतो. अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल, असा अंदाज आहे. २०१८ मध्ये हवेतल्या सीएफसी-११ ची घट अपेक्षेपेक्षा मंदावल्याचं मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं. कुठेतरी कुणीतरी बंदी मोडत होतं. बराचसा माग पूर्व चीनकडे निघाला आणि वर्षभरातच उत्सर्जन पुन्हा खाली आलं. हे पकडलं गेलं, कारण कुणीतरी मोजायचं थांबलं नव्हतं.

“२००० साली संगणक बंद पडणार होते, पडले?”

हे वाचलं की मला नव्याण्णव सालच्या रात्री आठवतात.

तेव्हा मी एका विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीवर काम करत होते. कोबोल या जुन्या संगणकभाषेतला कोड, लिहिणारे बरेचसे निवृत्त झालेले. वर्षासाठी दोन अंकांची जागा. हा कुणाचा गाढवपणा नव्हता. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रिकेवर, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या पुठ्ठ्यावर, एका माणसाची सगळी माहिती बसवायची, तर प्रत्येक ‘१९’ वाचवावासा वाटणारच. नंतर पत्रिका गेल्या, पण रचना तशीच राहिली.

एक ओळ मला अजून पाठ आहे, कारण ती चार हजारांहून अधिक जागी होती: चालू वर्ष वजा जन्मवर्ष. ६५ साली जन्मलेल्या माणसाचं वय ९९ साली ३४ येतं. पुढच्या वर्षी ००, वजा ६५, म्हणजे उणे ६५. त्या रकान्यात उणे चिन्हाला जागाच नव्हती, त्यामुळे प्रणाली ते गिळून ६५ मानायची. पस्तिशीतल्या माणसाला पासष्टीचा हप्ता. संगणक बंद पडला नसता, पडद्यावर लाल अक्षरं आली नसती. चुकीची बिलं छापली गेली असती आणि महिनाभर कुणाला कळलंही नसतं. आम्ही चाचणीच्या यंत्राचं घड्याळ पुढे सरकवून हे डोळ्यांनी पाहिलं. शिवाय तारखेनुसार लावलेल्या याद्या उलट्या व्हायच्या: ०० हे ९९ च्या आधी येतं, म्हणून सगळ्यात ताजी नोंद सगळ्यात जुनी ठरायची आणि साफसफाईच्या रात्रपाळीत पहिली तीच पुसली जायची. ते पाहून मला खरंच भीती वाटली होती.

आम्ही ते दुरुस्त केलं. जिथे जागा वाढवता आली तिथे चार अंक केले. जिथे नाही, तिथे ०० ते २९ म्हणजे दोन हजारांनंतरचं आणि ३० ते ९९ म्हणजे एकोणीसशेचं, असा नियम घातला. हजारो ठिकाणी, लाखो माणसांनी हेच काम केलं. १ जानेवारीला आमच्याकडे काही झालं नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला होता, त्यालाच आज कुणीतरी फसवणूक म्हणतंय.

जिथे काही निसटलं, तिथे परिणाम दिसलेच. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांकडून येणारी माहिती काही दिवस जमिनीवरच्या संगणकांना वाचता आली नाही. ब्रिटनमध्ये शेफील्डला गर्भवतींचं वय चुकीचं मोजलं गेलं आणि डाउन सिंड्रोमच्या तपासणीत दीडशेहून अधिक जणींना चुकीचा धोका सांगितला गेला. त्या बायकांसाठी ‘काही झालं नाही’ हे वाक्य खोटं आहे.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे: काही देशांनी फारसा खर्च केला नाही, तरी तिथेही काही कोसळलं नाही. याचा काही भाग समजण्यासारखा आहे. त्यांच्याकडची मोठी सॉफ्टवेअर बहुतेक दुसऱ्यांनी आधीच दुरुस्त करून दिलेली होती, संगणकांवर त्यांची भिस्त कमी होती आणि बारीकसारीक चुका घडल्यावर निस्तरता आल्या. पण काही पैसा वाया गेला हेही मी मान्य करते. घाबरलेल्या ग्राहकाला गरज नसताना नवी यंत्रं विकणारे होतेच. विमानं आकाशातून पडतील, असं मात्र माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकानेही कधी म्हटलं नाही. ते मथळ्यांमध्ये होतं.

“आम्लवर्षेने जंगलं संपणार होती.”

इथे मजकूर थोडा बरोबर आहे. ऐंशीच्या दशकात जर्मनीत ‘जंगलांचं मरण’ हा शब्द घराघरांत पोचला होता आणि जेवढं भाकीत झालं तेवढी जंगलं मेली नाहीत. झाडांच्या आजारपणाला दुष्काळासारखी इतर कारणंही होती. तो अंदाज फुगलेला होता.

तळ्यांचं मात्र तसं नाही. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि शेकडो किलोमीटर दूर जाऊन पावसात सल्फ्युरिक आम्ल म्हणून उतरतो. पीएच हे आम्लतेचं माप, अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त. स्वच्छ पावसाचा पीएच साधारण ५.६ असतो. अमेरिकेच्या ईशान्येला तो ४.३ च्या आसपास आला होता. पीएचमध्ये एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा हा पाऊस साधारण वीसपट आम्लधर्मी होता. असं पाणी मातीतलं अॅल्युमिनियम सोडवून तळ्यात आणतं आणि ते माशांच्या कल्ल्यांवर बसतं. मासे गुदमरतात. नॉर्वे आणि स्वीडनमधली हजारो तळी अशी ओस पडली. त्यांचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ व्हायचं आणि पाहणाऱ्याला वाटायचं, किती शुद्ध!

मग १९७९ साली जिनिव्हात सीमापार प्रदूषणाचा करार झाला. १९९० साली अमेरिकेने कायदा बदलून वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली आणि त्याखाली परवान्यांची खरेदी-विक्री होऊ दिली. धुराड्याआधी चुनखडीच्या पाण्याचे फवारे बसले. गंधक त्यात अडकून जिप्सम होतं आणि त्याचे भिंतींना लावायचे तक्ते बनतात. तिथल्या वीजकेंद्रांचं हे उत्सर्जन तेव्हापासून नव्वद टक्क्यांहून जास्त घटलंय. तळी हळूहळू सावरत आहेत. सगळी नाही.

“त्याआधी हिमयुग येणार होतं.”

सत्तरच्या दशकात तशा बातम्या मासिकांत आल्या, हे खरं. शास्त्रज्ञ काय लिहीत होते ते नंतर कुणीतरी मोजलंय. १९६५ ते १९७९ मधल्या ७१ शोधनिबंधांत थंडी वाढेल म्हणणारे ७ होते, उष्णता वाढेल म्हणणारे ४४, बाकीचे मधले. मथळ्यातली बातमी आणि शास्त्रज्ञांचं म्हणणं ही एकच गोष्ट धरली की हा गोंधळ होतो.

तज्ज्ञांची भाकितं चुकतात का? चुकतात. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, असं १९६८ साली छातीठोकपणे सांगितलं गेलं होतं. तसं झालं नाही. माझं म्हणणं एवढंच की मजकुराला चुकलेल्या भाकितांची यादी करायची होती, तर त्याने ही उदाहरणं घ्यायला हवी होती. ज्या दोन-तीन ठिकाणी माणसांनी वेळीच हातपाय हलवले, नेमकी तीच त्याने उचलली आहेत.

“शास्त्रज्ञांना निधी हवा असतो.”

मग ड्यूपाँट कंपनीचं काय? ती जगातली सगळ्यात मोठी सीएफसी-उत्पादक होती. तिने अनेक वर्षं बंदीला विरोध केला आणि मार्च १९८८ मध्ये, पुरावे समोर आल्यावर, उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. तिच्या हाती पर्यायी रसायनं होती आणि त्यात नफाही दिसत होता, हे मान्य. पण ज्याचा धंदा त्या रसायनावर चालतो, तो निव्वळ अफवेवर कारखाने बंद करत नाही.

“हेही आपोआप निघून जाईल.”

वरच्या तिन्हींपैकी एकही आपोआप गेलेलं नाही. ओझोनमागे करार आहे, आम्लवर्षेमागे कायदा आहे, २००० सालामागे कोट्यवधी ओळी वाचणारे डोळे आहेत. आणि तापमानवाढ या तिघांहून अवघड आहे, हे मी लपवणार नाही. सीएफसी मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना पर्याय मिळाला. कार्बन डायऑक्साइड जवळपास प्रत्येक चुलीतून, इंजिनातून आणि भट्टीतून निघतो आणि त्याचा काही हिस्सा हजारो वर्षं हवेत राहतो.

तोही मोजला जातो. हॅलीवर ओझोन मोजत होते, तसा हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हा वायू मोजतात. सुरुवातीला दर दहा लाख भागांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. सल्फर डायऑक्साइडचा आलेख कधी खाली वळला, सीएफसीचा कधी वळला, ती वर्षं बोट ठेवून दाखवता येतात. मौना लोआचा आलेख अजून वळलेला नाही.