‘थोडा आवाज येईल’ असं आम्ही म्हणालो होतो

नमस्कार सर,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला, आणि दुकान उघडल्यावर पोरांना मोठ्याने वाचून दाखवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तुमच्या स्कोडा लॉरा आरएसचा क्लच आणि फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचच्या मधली जड चकती) आमच्याकडे बदलल्यापासून गाडी न्यूट्रलला उभी असली की ट्रॅक्टरसारखी खडखडते, एसी लावला की जास्तच. पेडल इतकं जड झालंय की सिंहगड रोडच्या गर्दीत पोटरी भरून येते. पहिल्याच रविवारी बोरघाटात क्लच जळाल्याचा वास आला. दोन दिवस सांगून गाडी सहा दिवस ठेवली, आणि बिल इस्टिमेटपेक्षा ११,८०० रुपयांनी वाढलं. शिवाय दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकून ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून सांगितलं.

गिअरबॉक्स गेलेला नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण त्या धास्तीने कुणी तो उघडायला घेतला तर तुमचा हकनाक खर्च होईल. घरीच करून बघा. इंजिन गरम असताना गाडी न्यूट्रलला ठेवा, क्लचवरचा पाय काढा आणि खडखड नीट ऐका. मग क्लच पूर्ण दाबा, आवाज बंद. सोडला की परत सुरू. एवढ्यावर थांबू नका, कारण गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं तरी आवाज असाच क्लच दाबल्यावर थांबतो. म्हणून पाय काढलेलाच ठेवून रेस हळूच १,२०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) न्या. खडखड विरून जाते. बेअरिंगचा आवाज घरघरीचा असतो आणि रेसबरोबर वाढत जातो. मंगळवारी तुम्ही गाडी आणलीत तेव्हा मी स्वतः हे करून पाहिलं होतं. तुम्हाला शेजारी उभं करून दाखवायला हवं होतं, ते केलं नाही. तुम्ही बाहेर चहा घेत होतात आणि मी बाहेर येऊन ‘ओके आहे’ एवढंच बोललो. आता कळतंय, त्या ‘ओके’ने काहीच भागलं नाही.

ट्रॅक्टरबद्दल मात्र एक सांगू का? आमच्या घरी गावाकडे ट्रॅक्टर आहे. त्याचा आवाज वेगळा.

तर ही खडखड येते कुठून? चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दर फेऱ्याला दोन ठोके बसतात. ८०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला साधारण २७ ठोके. क्रँक आपल्याला गुळगुळीत फिरताना वाटतो, पण प्रत्यक्षात तो हिसके देत फिरत असतो. कंपनीने दिलेलं तुमचं फ्लायव्हील ड्युअल मास होतं: दोन चकत्या, एक क्रँकला आवळलेली, दुसरी क्लचच्या बाजूला, आणि मध्ये ग्रीसमध्ये बसलेल्या लांब वळणदार स्प्रिंगा. हिसके त्या स्प्रिंगांतच जिरायचे. आम्ही बसवलं ते सिंगल मास, म्हणजे एकसंध चकती. तिच्यात जिरवायला काही नाही. क्लच प्लेटच्या मधल्या भागात छोट्या स्प्रिंगा आहेत, त्या गाडी ओढताना काम करतात, पण आयडलच्या (रेस न देता इंजिन चालू असतानाच्या) हिसक्यांपुढे त्यांचं फार चालत नाही. मग हिसके थेट गिअरबॉक्समध्ये जातात, आणि न्यूट्रलला ज्या गिअरांवर काही ओझं नसतं ते दातांमधल्या मोकळ्या जागेत एकमेकांवर आपटत राहतात. एसी लावला की इंजिनावर ओझं येतं, हिसके मोठे होतात. ऑइल गरम होऊन पातळ झालं की आवाज आणखी मोकळा होतो. एसीचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. गाडीचा कान असलेला माणूसच असं टिपतो.

मग ड्युअल मास काढलंच कशाला? गिअरबॉक्स उतरवल्यावर तुम्हाला फोटो पाठवले होते, त्यात चकतीवर निळे डाग दिसतात. जुना क्लच बरेच दिवस स्लिप मारत, म्हणजे घसरत होता, त्या उष्णतेचे ते डाग. दोन्ही चकत्या हाताने फिरवल्या तर मधला खेळ मर्यादेबाहेर होता, आणि ग्रीस उडून गिअरबॉक्सच्या खोक्यात आत सगळीकडे चिकटलं होतं. ते परत बसवणं शक्यच नव्हतं. आता ही गाडी शेंद्र्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा टॉर्क (फिरवण्याची ताकद) होता २५० न्यूटन-मीटर, तोही १,५०० आरपीएमपासून. तुमचा रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ताकद वाढवायला केलेला बदल) त्याच्या बराच वर गेलाय. टर्बो गाडीचा क्लच स्लिप मारतो तो असाच: पाचव्या गिअरला २,००० वर असताना पूर्ण रेस दिली की इंजिन वर पळतं आणि स्पीडोमीटर तिथेच. तुम्ही आमच्याकडे आलात ते हीच तक्रार घेऊन.

दोन रस्ते होते. नवं ड्युअल मास आणि त्यावर जास्त ताकदीची प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग); महाग. किंवा सिंगल मासचं पूर्ण किट; स्वस्त, हलकं आणि टॉर्कला दणकट. तुम्ही दुसरं निवडलंत. काउंटरवरच्या आमच्या मुलाने तुम्हाला सांगितलं, ‘सर, थोडा आवाज येईल.’ जॉब कार्डवर ‘एसएमएफ’ (सिंगल मास फ्लायव्हील) लिहून तुमची सही घेतली. कागदावर आमची बाजू पक्की आहे, आणि नेमकी तीच मला टोचते आहे. ‘थोडा’ म्हणजे किती? जो रोज अशा गाड्या चालवतो त्याचा ‘थोडा’ वेगळा, आणि जो लॉरामध्ये आईवडिलांना घेऊन महाबळेश्वरला जातो त्याचा वेगळा. त्या दिवशी आमच्याच शेडमध्ये सिंगल मास बसवलेली एक गाडी उभी होती. चावी फिरवून तुम्हाला दोन मिनिटं ऐकवली असती तर तुम्ही कदाचित पहिला रस्ता धरला असता. ही चूक आमची. पोराची नाही, माझी, कारण असं ऐकवायची पद्धत मीच कधी घालून दिली नव्हती.

पेडलच्या बाबतीत मात्र मी निवड परत तीच करेन. क्लच किती टॉर्क धरतो हे तीन गोष्टींवर ठरतं: प्लेटचा घेर, तिच्यावरच्या अस्तराची पकड आणि प्रेशर प्लेटचा दाब. घेर वाढवता येत नाही, गिअरबॉक्सचं खोकं तेवढंच आहे. अस्तर सिरॅमिकचं घेतलं असतं तर पेडल इतकं जड झालं नसतं, पण असा क्लच हाफवर राहायला तयारच नसतो. तो सुटलेला असतो नाहीतर धरलेला. स्वारगेटच्या चौकात दर सिग्नलला गाडीने उडी मारली असती आणि तुम्ही आठवड्यात तोही एक तारा दिला असता. म्हणून अस्तर साधं ऑरगॅनिक ठेवलं आणि दाब वाढवला. त्या दाबाची किंमत तुमची पोटरी मोजते. यातून फुकटात सुटका नाही.

आता बोरघाट. डिलिव्हरीच्या वेळी सांगितलं होतं आणि स्टिअरिंगवर चिठ्ठीही लावली होती: पहिले ८०० किलोमीटर शहरात, पूर्ण रेस नाही, हाफ क्लचवर चढ नाही. नव्या अस्तराला चकतीवर नीट बसायला तेवढा वेळ लागतो. तुम्हीच लिहिलंय की रविवारी संध्याकाळी मुंबईहून येताना खोपोली ते लोणावळा सव्वा तास लागला. त्या चढावर, त्या गर्दीत, हँडब्रेक न लावता गाडी क्लचवर तोलून धरली तर कंपनीचा नवा क्लचसुद्धा वास सोडतो. रागाने म्हणत नाही, माणूस कंटाळतो, मीही तिथे असाच अडकलोय. चांगली बातमी अशी की मंगळवारी चौथ्या गिअरला २,००० वरून पूर्ण रेस देऊन लॉग (नोंद) घेतला, आरपीएम आणि वेग बरोबरीने चढले. क्लच धड आहे. वास अस्तराच्या वरच्या थराचा होता.

सहा दिवसांचं कारण लाजिरवाणं आहे. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. किटमध्ये नवे बोल्ट असतील असं आम्ही गृहीत धरलं, आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर किटचं खोकं उघडलं तर बोल्ट नाहीत. मागवले, मध्ये शनिवार-रविवार आला. जुने बोल्ट आवळून तिसऱ्या दिवशी गाडी देता आली असती, तसं करणारेही आहेत. ते केलं नाही याचा पश्चात्ताप नाही. खोकं आधी उघडलं नाही आणि तुम्हाला तीन दिवस एक फोन केला नाही, याचा आहे. त्या दिवसांचं तुमचं टॅक्सीचं भाडं आम्ही देतो, पावत्या पाठवा.

११,८०० मात्र परत मिळणार नाहीत. त्यात क्रँकचं मागचं ऑइल सील, स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा), गिअर ऑइल आणि ते बोल्ट आहेत. सील पाझरत होतं, सिलिंडरही ओला होता, दोन्हींचे फोटो पाठवले आणि तुमचं ‘करून टाका’ व्हॉट्सॲपवर आहे. ते सील तसंच ठेवलं असतं तर चार महिन्यांत ऑइल नव्या क्लचवर आलं असतं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी तुम्हीच भरली असती.

पुढचं असं करू. आधी ८०० किलोमीटर होऊ द्या. खडखड तशीच राहील, ती बसून जाईल असं खोटं सांगत नाही. पेडलची मात्र पायाला थोडीफार सवय होते. त्यानंतरही नको वाटलं तर गाडी आणा. नवं ड्युअल मास आणि त्याला चालणारा क्लच बसवून देतो. मजुरी एक रुपया घेणार नाही. सामानाचे पैसे तुमचे, पण आत्ताचं फ्लायव्हील चांगलं असेल तर निम्म्या किमतीत आम्ही ठेवून घेऊ. त्याआधी एकदा येऊन माझ्या गाडीत बसा, तिला ड्युअल मास आणि दणकट प्रेशर प्लेट आहे. पेडल तुमच्याइतकंच जड आहे, आवाज नाही. तेव्हा नुसती खडखड नको असेल तर हा रस्ता आहे, पण पोटरीसाठी माझ्याकडे उपाय नाही.

तारा बदलायची गरज नाही. शनिवारी सकाळी दहाच्या आत या. अकरानंतर मी रॅम्पखाली असतो, फोन उचलत नाही.