कार्ड डेलावेअर नदीपर्यंतच

"न्यू जर्सीत गांजा लीगल आहे, मग पिट्सबर्गला न्यायला काय हरकत?" आपल्या मंडळींत हे इतक्या सहज विचारतात की आज जरा सविस्तरच लिहिते.

हरकत आहे. मेडिकल कॅनाबिसचं, म्हणजे औषध म्हणून गांजा घ्यायचं कार्ड ज्या राज्याने दिलं, त्याच्या भरवशावर दुसऱ्या राज्यात जाऊ नये. पिट्सबर्ग आहे डेलावेअर नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. तिथे पेशंटांसाठी 2016 पासून कायदा आहे, पण आमचं न्यू जर्सीचं कार्ड ते मानत नाहीत. आणि मानलं असतं तरी माल पुलावरून नेता आला नसताच. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी, दोन्हीकडे दुकानात उघड विक्री, तरी मधल्या हडसन नदीखालच्या बोगद्यातून एक गमी (गांजाची चघळायची गोळी) नेली तर केंद्राच्या लेखी गुन्हा. 1970 च्या कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंगतीत बसवला. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने तर कॅलिफोर्नियातल्या पेशंटने घरी, स्वतःपुरत्या लावलेल्या रोपांनाही केंद्राचा कायदा लागू केला.

ह्यांची किमो चालू होती तेव्हा फोडणीचा वास आला की हे उठून अंगणात जायचे. घरात नुसतं हळद-मिठाचं वरण. संध्याकाळी अर्धी गमी घेतली की तासा-दीड तासाने स्वतःहून विचारायचे, "मऊ भात आहे का गं?" वर मेतकूट आणि तूप. वाटी चाटूनपुसून साफ.

अशात नणंदेकडे पिट्सबर्गला जाणं भाग पडलं. बॅगेत काय चालत होतं बघा. ऑक्सिकोडोनची, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची नारिंगी बाटली, वर नावाचं लेबल, कुठल्याही राज्यात बिनघोर न्या. ड्रोनॅबिनॉलही चालतं. हे म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीएचसी, गांजातला नशा आणणारा घटक. किमोच्या मळमळीसाठी एफडीएने (औषधांना मान्यता देणारं केंद्राचं खातं) 1985 मध्येच मान्य केलेलं. रेणू तोच! कारखान्यातून आला तर औषध, झाडातून आला तर तस्करी. ह्यांना त्या कॅप्सूलने नुसती गुंगी यायची, भूक काही लागायची नाही. तरी तीच नेली, कारण हायवेवर पोलिसांशी हुज्जत घालायचं त्राण दोघांतही नव्हतं. नणंदेने प्रेमाने केलेलं सगळं तसंच राहिलं, हे ताक-बिस्किटांवर.

हवाईत बाहेरच्या पेशंटला आधी ऑनलाइन अर्ज करून 60 दिवसांचं कार्ड मिळतं. माल तिथेच विकत घ्यायचा. शेजारच्या राज्यांना एवढं करायला काय धाड भरली आहे? केंद्राचा कायदा बदलेल तेव्हा बदलेल, हे तर राज्यांच्या हातात आहे.

विमानाचं म्हणाल तर विमानतळावर तपासणी करणारे टीएसएवाले स्वतःच सांगतात की आम्ही गांजा शोधत नाही, पण सापडला तर पोलिसांना कळवतो. पुढचं त्या गावच्या पोलिसांवर. टेक्सासमध्ये टीएचसीची व्हेप (ई-सिगारेट) निघाली तर थेंबभर असली तरी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, लागू शकते.

आणि ग्रुपवर "काही होत नाही हो" लिहिणारे बहुतेक सिटिझन असतात, हे लक्षात घ्या. (मीही आहे, म्हणून इतकं उघड लिहू शकते.) इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या यूएससीआयएसने 2019 मध्ये स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलेला गांजाही नागरिकत्वाच्या अर्जाला आडवा येऊ शकतो. एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, आई-वडिलांचं ग्रीन कार्ड केलं असेल, तर गांजाचं कार्ड काढण्याआधीच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. आणि उरलेल्या गम्या मुंबईच्या बॅगेत चुकूनही टाकू नका. तिथे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहे, आणि कस्टम्सवाल्यांना न्यू जर्सीच्या कार्डाशी काही देणंघेणं नाही.