तीच ती गाणी, वर्षभर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात असलेल्या मोअरहाउस कॉलेजच्या ग्ली क्लबवरच्या, म्हणजे तिथल्या मुलांच्या गायनवृंदावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं, कारण लेखात ‘अंगावर काटा’ चार वेळा आलाय हे तुम्ही मोजलंत. (मी पुन्हा मोजलं. पाच वेळा आहे.) तिसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, की दोन ओळींत आभार मानून सुटण्यासारखी ही प्रतिक्रिया नाही.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सूट घातलेली पन्नासेक मुलं सप्टेंबरपासून मेपर्यंत तीच दहा-बारा गाणी ठरलेल्या सुरांत गातात. ना उपज (आयत्या वेळी सुचलेलं काही), ना तान. ही कवायत झाली, गाणं नव्हे. दुसरं, आजच्या काळात फक्त पुरुषांचा वृंद कशाला, आणि एका बाईने त्याची भलामण का करावी? तिसरं, सांगली-मिरजेत गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत, त्यांच्यावर एक ओळ नाही आणि अटलांटातल्या मुलांवर पानंच्या पानं. आपला त्यांचा संबंध काय?

भजनी मंडळांचं मान्य. आजोबा मंडळात पखवाज वाजवायचे आणि त्यावर मी आजवर काही लिहिलेलं नाही. इथे बचाव नाही.

कवायतीचं मात्र मान्य नाही. तुम्ही सांगलीचे, म्हणजे मिरजेची सतारमेकर गल्ली तुम्हाला सांगायला नको. लहानपणी बाबांबरोबर तानपुरा जवारीला, म्हणजे तारांचा नाद जुळवून घ्यायला, घेऊन जायचे. कारागीर तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा कानस. दोरा सरकवायचा केसभर. अर्धा तास असं चालायचं आणि मला प्रचंड कंटाळा यायचा. मग एकदम कधीतरी खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायचा. गंधाराची तार तर तानपुऱ्याला नसते. बाबा म्हणायचे, आता लागला.

पुरुषांच्या वृंदगायनात नेमकं तेच चालतं. एकाच वेळी गायच्या सुरांच्या चार ओळी असतात, वरून खाली: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन, बास. बायका-पुरुषांच्या मिश्र वृंदाला वर-खाली बरीच मोकळी जागा मिळते. इथे चारही ओळी जेमतेम अडीच सप्तकांत बसवायच्या, त्यामुळे सूर एकमेकांना खेटून उभे राहतात. एखादा जरासा चढला किंवा उतरला, की सगळा चिखल. आणि सगळे नेमके बसले, की त्यांच्या डोक्यावर एक सूर वाजायला लागतो, जो त्यांतलं कोणीच गात नसतं. तीच खर्जातल्या गंधाराची जादू, फक्त तारांच्या जागी विशीतली पोरं. उपज नाही हे खरं. पण जवारी काढणाऱ्याला आपण ‘तू तान का घेत नाहीस’ असं विचारत नाही.

‘ग्ली’ म्हणजे आनंद, असा तुमचा (आणि पूर्वी माझाही) समज. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वाद्यांशिवाय तीन-चार पुरुषांनी निरनिराळ्या ओळी धरून गायच्या रचनेला ‘ग्ली’ म्हणत. नाव तिथून आलं आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना चिकटलं.

आता ‘फक्त पुरुष’. मोअरहाउस हे कॉलेजच मुलांचं आहे. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांत, १८६७ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी जॉर्जियातल्याच ऑगस्टा गावी ते सुरू झालं, नंतर अटलांटात आलं. शेजारीच मुलींचं स्पेलमन कॉलेज, १८८१ चं. त्यांचा स्वतःचा ग्ली क्लब आहे आणि तो काही यांच्या मागे आ-आ करायला उभा राहत नाही. १९२७ पासून दोन्ही कॉलेजं डिसेंबरात एकत्र नाताळगीतांचा कार्यक्रम करतात. शहरातली माणसं आमच्याकडे सवाई गंधर्वला जावं तशी ठरवून, चांगले कपडे घालून येतात. तेव्हा कोणी कोणाला वगळलंय असं मला दिसलं नाही. आणि बाई म्हणून मला काय आवडतं ते सांगू? वीस वर्षांच्या मुलाने आपला आवाज चढवायचा नाही, शेजारच्याचा ऐकू येईल एवढाच लावायचा. माझ्या घरात दोन मुलगे आहेत. चार मिनिटंही हे मी त्यांच्याकडून करून घेऊ शकलेले नाही.

खरा वाद ‘तीच ती गाणी’ यावर आहे आणि मूळ लेखात मी तो नीट मांडला नाही, नुसता काटा आणत बसले.

वर्षाचा क्रम असा असतो. सत्राच्या सुरुवातीला आवाजांची पारख, मग डिसेंबरातली नाताळगीतं, फेब्रुवारीत कॉलेजचा स्थापना दिन, वसंतात बसने दौरा, परतल्यावर घरच्या लोकांसमोर कार्यक्रम, मेमध्ये पदवीदान. दौऱ्यात मुक्काम बदलतात, कधी चर्च, कधी शाळेचं सभागृह. गाणी बहुतांशी तीच. यंदा एक स्पिरिच्युअल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांचं भक्तिगीत, मी तीनदा ऐकलं. हिवाळ्यात ऐकलं तेव्हा नवी मुलं अजून मोजून गात होती, बासची रांग जड होती. दौऱ्यानंतर ऐकलं तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आणि शेवटचा स्वर त्यांनी इतका हळू सोडला की टाळ्या वाजवायला आम्ही उशीर केला. पदवीदानाच्या वेळी ऐकलं तेव्हा पुढच्या वर्षी यातली चौथ्या वर्षाची मुलं नसतील हे गाणाऱ्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. गाणं एक, ऐकणं तीन. दरवर्षी जुने आवाज जातात, नवे येतात, आणि तरी तो नाद ओळखू येतो. १९११ मध्ये केम्पर हॅरेल्डनी हा वृंद उभा केला आणि १९५३ पर्यंत सांभाळला. मग त्यांचाच विद्यार्थी वेंडेल व्हेलम, थेट १९८७ पर्यंत. म्हणजे ७६ वर्षांत दोन माणसं. पुढे आलेले डेव्हिड मॉरोही याच कॉलेजचे. याला तुम्ही कवायत म्हणता. आपल्याकडे याला घराणं म्हणतात.

नाताळात हमखास गायलं जाणारं ‘बेतेलेहेमु’ घ्या. नायजेरियातून शिकायला आलेल्या बाबातुंडे ओलाटुंजी नावाच्या मुलाने ते योरुबा भाषेतलं गाणं बरोबर आणलं, व्हेलमनी ते वृंदासाठी बांधलं. ओलाटुंजी पुढे तालवादक म्हणून जगभर गाजले. गाणं कॉलेजात राहिलं. ज्यांची मातृभाषा योरुबा नाही अशी किती मुलं दर डिसेंबरात ते तोंडपाठ म्हणून गेली असतील!

घोटून घोटून पाठ असण्याचा उपयोग काय, याचं उत्तर १९६८ च्या एप्रिलमध्ये आहे. मार्टिन ल्यूथर किंग याच कॉलेजचे, १९४८ चे पदवीधर. ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली, ९ एप्रिलला अंत्ययात्रा. खेचरांच्या साध्या गाड्यावरून शवपेटी चर्चमधून मोअरहाउसच्या आवारात आणली. त्या दिवशी हा ग्ली क्लब गायला. पाच दिवसांत, त्या अवस्थेत, कोण काय नवं बसवणार? ज्या मुलांच्या गळ्यात वर्षभर तीच गाणी मुरलेली असतात, तीच अशा वेळी उभी राहून गाऊ शकतात. आपल्याकडेही मयताच्या घरी भजन म्हणायला मंडळ जातं तेव्हा तालीम करून जात नाही.

त्या दिवशी आवारात श्रद्धांजलीचं मुख्य भाषण केलं बेंजामिन मेज यांनी. ते १९४० ते १९६७ कॉलेजचे अध्यक्ष होते आणि किंग त्यांना गुरुस्थानी मानत. ‘आपला संबंध काय’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हेच मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींशी अहिंसेवर बोलून गेले होते. त्याच्या थोडं आधी, १९३६ च्या फेब्रुवारीत, मोअरहाउसचेच पदवीधर हॉवर्ड थर्मन आणि त्यांची पत्नी स्यू बार्डोलीला गांधीजींना भेटले, आणि निघताना गांधीजींनी त्यांना एक स्पिरिच्युअल म्हणायला सांगितलं. गुलामांनी शेतात राबताना, रात्री चोरून जमताना रचलेली ही गाणी. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, दिंडीत चालतं तसं. १८७१ पासून नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या मुलामुलींनी ती गावोगाव गाऊन आपल्या बुडत्या संस्थेसाठी पैसे उभे केले, तेव्हा जगाने ती ऐकली. अनोळखी भाषेतल्या भजनाची फर्माइश करताना गांधीजींना संबंध शोधावा लागला नव्हता.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रतिक्रियेमुळे लक्षात आली. आजोबांच्या मंडळाचा काकडा कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालायचा. महिनाभर रोज पहाटे तेच अभंग, त्याच क्रमाने. मी गोधडीतून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, यांना कंटाळा कसा येत नाही. म्हणजे तुमचाच प्रश्न मी सातव्या वर्षी विचारला होता, आणि उत्तर न मागता झोपून गेले होते.

तुमचं मंडळ अजून काकडा करतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. यंदा दिवाळीत मी मिरजेत आहे. देऊळ कोणतं आणि पहाटे किती वाजता, तेवढं कळवा. वही-पेन घेऊन येते.