ससे उरले, म्हणून काय झालं?

कोविडपासून एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की आता ते ऐकलं की माझी चिडचिड होते. "अहो, कुठलाही व्हायरस शेवटी सौम्यच होतो. ज्याच्या अंगात राहतो त्यालाच मारलं तर तो जाणार कुठे?" सांगणारा बहुधा चांगला शिकलेला असतो, कधी कधी चक्क डॉक्टर असतो. आणि त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात दुसरं कुणीतरी मानवजातीच्या अंताचा फॉरवर्ड टाकतं. मला हे दोघे एकाच माळेचे मणी वाटतात. व्हायरसच्या मनात काहीतरी आहे, असं दोघंही धरून चालतात. एकाच्या मते त्याला आपल्याबरोबर गुण्यागोविंदाने नांदायचंय, दुसऱ्याच्या मते आपला निर्वंश करायचाय.

त्याला मनच नाही. त्याच्या प्रती निघतात, प्रती काढताना चुका होतात, बहुतेक चुका त्यालाच नडतात, आणि एखाद्या चुकीमुळे प्रत जास्त पसरली तर ती उरते. मूळ पोथीशी ताडून न पाहता हजारो लेखनिकांनी एकमेकांचं बघून पोथी उतरवत राहावं, तसा हा कारभार आहे. कोरोनाकडे निदान चुका दुरुस्त करणारं एक विकर असतं, म्हणून त्याची सुमारे ३० हजार अक्षरांची पोथी बऱ्यापैकी शाबूत राहते. फ्लूकडे तेही नाही. शिवाय फ्लूचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत असतो. दोन वेगळे फ्लू एकाच डुकराच्या पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच बाहेर पडू शकतो.

"सौम्यच होतो" हे कुठून आलं? बरंचसं सशांवरून. पण सशांची गोष्ट लोक अर्धीच सांगतात.

१८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात, शिकारीच्या हौसेपायी, इंग्लंडहून आणलेले दोन डझनांच्या आसपास ससे सोडले. पुढच्या शंभर वर्षांत कोट्यवधी सशांनी तिथली कुरणं फस्त केली. गोळ्या, विष, हजारो किलोमीटरची कुंपणं, सगळं करून झालं. शेवटी १९५० मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात मिक्झोमा नावाचा विषाणू सोडला. हा देवीच्याच कुळातला. दक्षिण अमेरिकेतल्या मूळच्या रानसशांना त्याने अंगावर एखादी गाठ येते, बस. युरोपीय सशांत मात्र शंभरातले नव्व्याण्णवहून जास्त मेले. डासांनी तो नदीकाठाने असा पसरवला की सोडणारेही चकित झाले. (त्याच सुमारास त्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांनी संशय घेतला. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लूनिस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी मिक्झोमा स्वतःलाच टोचून घेतला. काहीही झालं नाही.)

यातला फ्रँक फेनर पुढे वर्षानुवर्षं रानातून विषाणूचे नमुने गोळा करत राहिला. दोन-तीन वर्षांतच मूळ वाण मागे पडून थोडं कमी मारणारं वाण सगळीकडे दिसू लागलं. कारण साधं होतं. मूळ वाणाने ससा दोन आठवड्यांच्या आत मरायचा, म्हणजे डासांना चावायला दिवस थोडे. नव्या वाणाचा ससा तीन-चार आठवडे अंगभर गाठी घेऊन जिवंत राहायचा. अगदीच सौम्य वाणाचा ससा लवकर बरा व्हायचा, तिथेही डासांची संधी हुकायची. म्हणून मधलं जिंकलं.

इथे गोष्ट थांबवतात. पण ते "मधलं" वाण किती मारायचं? १०० पैकी ७० ते ९५. याला सौम्य म्हणायचं?

नंतर सशांतही बदल झाला. उराणा तलावाजवळच्या रानसशांमध्ये, सातेक साथी सोसल्यावर, त्याच वाणाने मरणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांवरून २५ च्या आसपास आलं. म्हणजे ज्यांच्यात सोसायची ताकद नव्हती ते मेले आणि उरलेल्यांची पिल्लं झाली. मग विषाणू पुन्हा हलला. १९९० च्या दशकात गोळा केलेली काही वाणं आधी या रोगाशी गाठ न पडलेल्या प्रयोगशाळेतल्या सशांना दिली, तर त्यांची प्रतिकारशक्तीच कोलमडली आणि नेहमीच्या गाठीही न येता ते गेले. सौम्यतेकडे जाणारा सरळ रस्ता कुठेच नाही, जिथे जे पसरतं ते उरतं.

रेबीज हजारो वर्षं माणसाला माहीत आहे. लक्षणं दिसली की आजही जवळजवळ मृत्यूच. माणूस मेला काय नि जगला काय, त्याचा प्रवास कुत्र्याच्या लाळेतून चालू असतो. देवीने तर शतकानुशतकं आपल्यात राहूनही दर दहा रुग्णांमागे तिघांना नेलं. आणि कोविडचा डेल्टा हा प्रकार ज्या कुळातला, ते सुरुवातीला महाराष्ट्रातल्या नमुन्यांतच सापडलं होतं, हे आपण तरी विसरू नये. तो आधीच्यापेक्षा वेगाने पसरणारा होता आणि जास्त आजारी पाडणाराही.

मग माणूस संपेल का? माझं मत : व्हायरसने, एकट्याने, जवळजवळ नाहीच. ८०० कोटी माणसं, बेटांपासून वाळवंटांपर्यंत विखुरलेली, प्रत्येकाची प्रतिकारशक्ती वेगळी. माणसं विरळ होत गेली की साथीला पुढचा माणूस मिळत नाही. बेडकांच्या सुमारे ९० जाती कायट्रिड नावाच्या रोगाने नामशेष झाल्याचं मानलं जातं, पण ती बुरशी आहे, आणि एक जात संपली तरी तिला दुसऱ्या जाती उरतात. व्हायरसबाबत सावध राहायचं तेही याच कारणाने : ज्याचा मुक्काम दुसऱ्या प्राण्यांत आहे, त्याला आपल्याला जिवंत ठेवण्याची गरज नाही.

पण मला तो प्रश्नच कोता वाटतो. ऑस्ट्रेलियातले ससे संपले का? नाही, आजही ढिगाने आहेत. "जात टिकली" ही फार स्वस्त कसोटी आहे. आपल्याकडे १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ आली, देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, आणि १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनांच्या इतिहासात असं ते एकच दशक. जात टिकलीच की! सशाची पिढी वर्षाच्या आत बदलते, आपल्याला पंचवीस वर्षं लागतात. सशांसारखं "निवडून" तगायचं तर किती पिढ्या स्मशानात घालायच्या? म्हणून मी "नैसर्गिकरीत्या होऊ द्या" म्हणणाऱ्यांशी भांडतो आणि लशीच्या बाजूने उभा राहतो.

याच फेनरच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने देवी जगातून गेल्याची खात्री करून दिली आणि १९८० मध्ये तशी घोषणा झाली. २०१० मध्ये, पंचाण्णवीत, तो म्हणाला की माणूस बहुधा शंभर वर्षांत नामशेष होईल. कशाने? वाढती लोकसंख्या आणि हवामानबदल. आयुष्यभर विषाणू हाताळलेल्या माणसाने बोट दाखवलं ते दुसरीकडेच. शंभर वर्षांचा हिशेब मला पटत नाही, पण धोक्यांचा त्याने लावलेला क्रम पटतो.

विषाणूंपुरतं बोलायचं तर माझी स्वतःची धास्ती आहे ती बर्ड फ्लूची. नोंद झालेल्या माणसांच्या केसेसमध्ये त्याच्या एच-५-एन-१ या प्रकाराने जवळपास निम्मे दगावलेत. सौम्य आजारी नोंदीतच येत नसणार, म्हणून खरा आकडा कमी असेल, पण त्याचा दहावा हिस्साही परवडणारा नाही. अजून तो माणसामाणसांत सहज पसरत नाही. २०२४ मध्ये मात्र अमेरिकेत दुभत्या गायींच्या गोठ्यांत पोचला. भारतात तो पहिल्यांदा सापडला २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये. लाखो कोंबड्या मारून पुरल्या आणि साथ तिथे आटोक्यात आली. त्या पोल्ट्रीवाल्यांच्या नुकसानीबद्दल आपण फार कमी बोलतो. पुढच्या वेळी कोंबड्या पटापट मरू लागल्यावर मालक लगेच कळवणार की रात्रीत माल विकून मोकळा होणार, हे भरपाई किती आणि कधी मिळते यावर ठरणार आहे.

नवापूरचं कुणी इथे असेल तर ते दिवस कसे गेले, भरपाईचं नेमकं काय झालं, ते खाली जरूर लिहा.