हाणामारीपेक्षा ती गाडी लक्षात राहते
२०१० चा ‘द कराटे किड’ हा सिनेमा म्हणजे नुसती हाणामारी, हे एका लेखात वाचलेलं मत काही पटलं नाही बुवा. नाव कराटे आणि शिकवतात कुंग फू, हा घोळ मान्य! पण त्यात गुरू झालेला जॅकी चॅन स्वतःच दुरुस्त केलेली गाडी फोडतो, तो प्रसंग आठवा. बायको-मुलगा अपघातात गेले, स्टिअरिंग याच्याच हाती होतं. दरवर्षी गाडी नीट करायची, दरवर्षी फोडायची. नागपुरात महाल भागातल्या घरी मे महिन्यात कूलरसमोर बसून पाहिला, तर एरवी सिनेमा लागला की घोरणारे आमचे बाबा चष्मा पुसत होते. शिष्याला सराव म्हणून करायला लावलेलं जॅकेट काढ-घाल मात्र जरा लांबलंच. १९८४ च्या मूळ चित्रपटासाठी गुरूचं काम करणाऱ्या पॅट मोरिटाला ऑस्कर नामांकन होतं. जॅकीचं काम मला त्याहून उणं वाटलं नाही.